मुलांना उड्डाणाचे विज्ञान हातांनी करून शिकवायचे आहे: क्रम कोणता ठेवावा आणि पंखाची ‘उचल’ कशी समजावावी?

शनिवारची शाळा (प्रश्न)

नमस्कार. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी मी आठवड्यातून एकदा विज्ञानाचा वर्ग घेते. पुढच्या सत्रात ‘उड्डाण’ हा विषय घ्यायचे ठरले असून त्यासाठी दीड-दीड तासांच्या सहा बैठका हाताशी आहेत. वर्गात साधारण पंचवीस मुले असतात, एक मोठी खोली आहे, आणि कागद, पुठ्ठा, कात्र्या, स्ट्रॉ, दोरा, फुगे, कागदाला लावायच्या क्लिपा व एक टेबलफॅन एवढे साहित्य सहज मिळू शकते.

माझ्यापुढे दोन अडचणी आहेत. पहिली अशी की, या विषयावरचे उपक्रम शोधू लागले की हाती येते ती बहुतेक हस्तकलाच असते. विमान कसे दुमडावे हे दहा पायऱ्यांत सांगितलेले असते, मात्र ते तसेच का दुमडायचे आणि वेगळे दुमडले तर काय होईल, याबद्दल चकार शब्द नसतो. मुले विमाने करतात, उडवतात, कोणाचे लांब गेले यावरून भांडतात आणि बैठक संपते. यात वाईट काही नाही, परंतु त्याला विज्ञानाचा तास म्हणायला मन धजत नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. पंखाला उचल कशी मिळते याचे स्पष्टीकरण अनेक पुस्तकांत असे आढळते: पंखाची वरची बाजू फुगीर असल्यामुळे वरून जाणाऱ्या हवेला जास्त अंतर कापावे लागते, खालच्या हवेबरोबर एकाच वेळी मागच्या कडेला पोहोचायचे असल्याने ती वेगाने जाते, वेग वाढला की बर्नुलीच्या तत्त्वानुसार दाब कमी होतो आणि पंख वर उचलला जातो. हे वाचून वर्गातल्या एका मुलीने विचारले, ‘मग विमान उलटे होऊनसुद्धा कसे उडते? आणि माझ्या कागदी विमानाचा पंख तर दोन्ही बाजूंनी सपाट आहे, मग ते का उडते?’ दोन्ही प्रश्न बिनतोड आहेत. वरच्या हवेने खालच्या हवेची वेळ गाठलीच पाहिजे अशी सक्ती तिच्यावर कोणी केली, हा तिसरा प्रश्न माझाच आहे.

मुलांच्या वयाला पेलेल, पण पुढे मोठ्या वर्गात गेल्यावर खोडून काढावे लागणार नाही, असे स्पष्टीकरण कोणी सुचवेल का? आणि सहा बैठकांचा क्रम कसा लावावा?


पंखशास्त्र

ताई, त्या मुलीला माझ्यातर्फे शाबासकी द्या. नोकरीनिमित्त माझा वायुगतिकीशी, म्हणजे वाहत्या हवेच्या शास्त्राशी, बराच काळ संबंध आला, म्हणून दुसऱ्या अडचणीबद्दल आधी लिहितो.

‘एकाच वेळी पोहोचण्याची’ अट पूर्णपणे निराधार आहे. निसर्गात असा कोणताही नियम नाही. वातबोगद्यात, म्हणजे वस्तूवरून वारा सोडून तिची चाचणी घेण्याच्या बंदिस्त नळीत, पंखाभोवती धुराच्या रेषा सोडून पाहिले तर वरून गेलेली हवा खालच्या हवेच्या आधीच मागच्या कडेला पोहोचलेली दिसते, म्हणजे प्रत्यक्षातला वेग त्या गोष्टीत सांगितल्यापेक्षाही जास्त असतो. कसरतीच्या अनेक विमानांचे पंख वर-खाली अगदी सारख्या आकाराचे असतात आणि तरीही ती उत्तम उडतात. डॅनिएल बर्नुलीने १७३८ साली मांडलेले तत्त्व चुकीचे नाही. त्याच्या गळ्यात अडकवलेली ही गोष्ट चुकीची आहे.

मुलांना सांगण्याजोगे खरे वाक्य एकच आहे: पंख हवेला खाली वळवतो, आणि त्या बदल्यात हवा पंखाला वर ढकलते. सपाट पंखसुद्धा समोरून येणाऱ्या वाऱ्याशी थोडा तिरका धरला की हवेला खाली वळवतो. म्हणून कागदी विमान उडते. उलटे झालेले विमान नाक पुरेसे वर धरून हाच तिरकेपणा साधते, म्हणून तेही उडते. फुगीर आकारामुळे हवा पंखाला धरून, न उसळता, अधिक सुबकपणे वळते, त्यामुळे कमी रोधात जास्त उचल मिळते. फुगीरपणाचे काम एवढेच.

आता कागदाच्या पट्टीचा तो सुप्रसिद्ध प्रयोग. पट्टीचे एक टोक खालच्या ओठाशी धरायचे, पट्टी पुढे वाकून लोंबते, तिच्या वरून फुंकर मारली की ती उचलली जाते आणि पुस्तक म्हणते, ‘वेगवान हवेचा दाब कमी असतो.’ हा प्रयोग अवश्य करा, परंतु तेथे थांबू नका. त्याच पट्टीच्या खालून फुंकर मारायला सांगा. वेगवान हवा आता खाली आहे, तेव्हा पुस्तकाच्या हिशेबाने पट्टी खाली जायला हवी. ती वरच जाते. मग पट्टीचे वरचे टोक धरून ती सरळ उभी लोंबू द्या आणि तिच्या एकाच बाजूने, पट्टीला समांतर, वरून खाली फुंकर मारा. पट्टी फुंकरीकडे ओढली जायला हवी, पण ती जवळजवळ हलतच नाही. तोंडातून मोकळ्या हवेत आलेल्या झोताचा दाब आजूबाजूच्या हवेइतकाच असतो. केवळ तो वेगवान आहे म्हणून कमी होत नाही. पहिल्या प्रयोगात पट्टी उचलली गेली ती तिच्या वक्रपणामुळे. झोत वक्र पट्टीला धरून खाली वळला, आणि हवा वळायची असेल तर वळणाच्या आतल्या बाजूला दाब कमी असावाच लागतो. एकच पट्टी, तीन फुंकरी, आणि छापील स्पष्टीकरण मुले स्वतः तपासून बाजूला ठेवतात, यापेक्षा चांगला विज्ञानाचा तास मला सुचत नाही.

हवा खाली वळते हे डोळ्यांनी दाखवायचे असेल तर पुठ्ठ्याचा पोस्टकार्डाएवढा तुकडा घ्या आणि त्याच्या मागच्या कडेला बोटभर लांबीचे चार-पाच बारीक धागे चिकटवा. टेबलफॅनसमोर तुकडा आडवा धरला की धागे सरळ मागे उडतात. पुढची कड हळूहळू वर केली की धागे खालच्या दिशेला कलतात आणि त्याच वेळी धरणाऱ्याच्या मनगटाला वरची ओढ जाणवते. दोन्ही गोष्टी एकाच हातात, एकाच क्षणी येतात. कोन फार वाढवला की धागे सैरभैर फडफडू लागतात. हवा पंखाला सोडून गेल्याची ती खूण आहे, आणि ‘स्टॉल’ म्हणतात तो हाच प्रकार.


शनिवारची शाळा

आपले मनापासून आभार. पट्टीच्या तीन फुंकरी मी आत्ताच करून पाहिल्या आणि तसेच घडले. एक शंका उरते. ‘हवा खाली, पंख वर’ असे सांगितले, तर पुढे दाबातल्या फरकाचे स्पष्टीकरण शिकताना मुलांना दोन परस्परविरोधी गोष्टी शिकल्यासारखे वाटणार नाही का?


पंखशास्त्र

नाही वाटणार, कारण ती एकाच घटनेची दोन वर्णने आहेत. हवा पंखाला ढकलणार कशी? स्पर्शानेच, म्हणजे दाबाने. वरच्या पृष्ठभागावरचा दाब कमी, खालच्या पृष्ठभागावरचा जास्त, या सगळ्या फरकाची बेरीज म्हणजे उचल; आणि हवेला खाली वळवण्यासाठी लागलेले बल मोजले तर तेही तेवढेच भरते. बारा वर्षांच्या मुलाने विचारले तर एवढे सांगून टाका. नऊ वर्षांच्या मुलाला धागे पुरेत.


खडू-फळा

मी प्राथमिक व माध्यमिक अशा दोन्ही वर्गांना विज्ञान शिकवतो. क्रमाबद्दल माझे स्पष्ट मत असे आहे की, शिकवण्याचा क्रम इतिहासाच्या क्रमाने लावावा, कारण माणूसही याच क्रमाने शिकला. पंख फडफडवून उडण्याच्या खटाटोपात शतके गेल्यावर इंग्रज संशोधक जॉर्ज केलीने १७९९ साली एका चांदीच्या चकतीवर स्थिर पंखाच्या यंत्राचे चित्र आणि पंखावरच्या बलांची आकृती कोरून घेतली. उचल देणारा भाग वेगळा आणि पुढे रेटणारा भाग वेगळा, ही त्यामागची कल्पना. पुढे जर्मनीच्या ओटो लिलिएन्थालने १८९१ ते १८९६ या काळात इंजिनाशिवाय टेकड्यांवरून तरंगत उतरण्याचे सुमारे दोन हजार प्रयत्न केले. राइट बंधूंनीही १९००, १९०१ आणि १९०२ साली आधी ग्लायडर उडवले, नियंत्रणाचा प्रश्न सोडवला आणि मगच १९०३ साली इंजिन बसवले. तेव्हा पहिल्याच बैठकीत रबराने फिरणारा पंखा किंवा फुग्याचे रॉकेट आणू नये. रेटा हा भाग नाट्यमय असल्याने तो आला की बाकी सगळे झाकोळते.

पहिल्या बैठकीत फक्त हवा घ्यावी. हवेला वस्तुमान असते हे मुलांनी पाठ केलेले असते, पण त्यांचा त्यावर विश्वास नसतो. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची त्यांच्याकडूनच मोजून घ्या. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीत १०८ घनमीटर हवा असते. समुद्रसपाटीजवळ एका घनमीटर हवेचे वस्तुमान साधारण १.२ किलो भरते, म्हणजे खोलीतल्या हवेचे जवळजवळ १३० किलो. हा आकडा फळ्यावर आला की वर्ग चिडीचूप होतो. एवढे वजनदार काहीतरी भोवती आहे हे पटल्यावरच ‘हवेला ढकलता येते आणि ती उलट ढकलते’ या वाक्याला अर्थ येतो. त्याच बैठकीत एक कागद सपाट आणि दुसरा चोळामोळा करून एकाच उंचीवरून सोडावा. वजन तेच असूनही पडण्याचा वेग वेगळा का, यावर पाऊण तास सहज जातो.

दुसरी आणि तिसरी बैठक कागदी विमानाची, परंतु एका अटीवर: सर्वांनी एकच नमुना, एकाच मापाच्या कागदाचा करायचा. नमुना निराळा असला की तुलना संपली. विमान जोरात फेकायचे नाही, खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली ठेवून, हळुवार सोडायचे. हे शिकवायला वेळ लागतो, पण त्याशिवाय पुढचे काहीच दिसत नाही, कारण जोराच्या फेकीत विमानाचे दोष लपतात.

मग एका वेळी एकच बदल. दोन्ही पंखांच्या मागच्या कडा नखाने दोन-तीन मिलिमीटर वर वळवायच्या आणि सोडण्याआधी प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा: नाक वर जाईल की खाली? बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण कड वर वळवली म्हणजे नाक खाली दबेल असे वाटते. प्रत्यक्षात वळवलेली कड हवेला वर सारते, शेपटीकडची बाजू खाली दाबली जाते आणि नाक उठते. कडा जास्त वळवल्या तर विमान नाक वर करते, क्षणभर हवेत थबकते, मग नाक खाली घालून सूर मारते, पुन्हा वेग घेते आणि पुन्हा नाक वर करते. या लाटेकडे बोट दाखवून विचारावे की, थबकले तेव्हा काय संपले? ‘वेग’ हे उत्तर मुलांकडूनच येते. त्यानंतर नाकाला एक क्लिप लावून गुरुत्वमध्य पुढे सरकवायचा आणि लाट कशी सपाट होते ते पाहायचे. एक कड वर व दुसरी खाली वळवली की विमान गिरकी घेते, हे मुले सांगण्याआधीच शोधून काढतात.

मोजायचे काय, हाही प्रश्न आहे. सर्वांत लांब गेलेले विमान मोजले तर दंडाची ताकद मोजली जाते. त्याऐवजी कापलेले आडवे अंतर भागिले सोडण्याची उंची, एवढा भागाकार काढावा. दीड मीटर उंचीवरून सोडलेले विमान सहा मीटर गेले तर उत्तर चार. पाच वेळा सोडून पाच उत्तरे चढत्या क्रमाने लिहावीत आणि मधले घ्यावे. सरासरीपेक्षा ते मुलांना लवकर समजते आणि एखादे विमान भिंतीवर आपटले तरी निकाल बिघडत नाही.


निव्वळ वाचक

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, यात वाद नाही. तरीही एका पालकाच्या नात्याने थोडा वेगळा सूर लावतो. कागदी विमान ही मुलांच्या हातातली अशी मोजकी गोष्ट उरली आहे, जिच्यावर कोणी गुण देत नाही. तिच्याभोवती तक्ते, अंदाज, भागाकार उभे केले तर तीही अभ्यासात जमा होईल. मुलांना आधी मनसोक्त उडवू द्यावे आणि ज्यांना ‘का’ हा प्रश्न पडेल त्यांनाच उत्तर द्यावे, असे करता येणार नाही का?


खडू-फळा

आपला मुद्दा अर्धा मान्य. प्रत्येक बैठकीतली पहिली पंधरा-वीस मिनिटे मोकळीच असावीत, त्यात शिक्षकाने तोंड उघडू नये. परंतु ‘का’ हा प्रश्न आपोआप पडतो, यावर माझा फारसा भरवसा नाही. ज्याचे विमान छान उडते त्याला तो पडत नाही, आणि ज्याचे पडते ते मूल ‘मला जमत नाही’ असा निष्कर्ष काढून बाजूला होते. मागची कड वर वळवल्यावर तेच पडणारे विमान तरंगू लागते, हे दाखवून देण्याचा सर्वांत जास्त फायदा त्या दुसऱ्या मुलाला होतो. तक्ता किती मोठा करायचा, हा मात्र तारतम्याचा भाग आहे; चार ओळींच्या वर तो जाऊ नये.


कात्री-डिंक

चौथ्या बैठकीसाठी कागदी हेलिकॉप्टर सुचवते. एका बदलाचा एक परिणाम इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे खेळणे मला माहीत नाही, आणि पंचवीस मुलांची पंचवीस हेलिकॉप्टरे वीस मिनिटांत तयार होतात.

पाच सेंटिमीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर लांब कागदाची पट्टी घ्यावी. वरच्या बाजूने मधोमध आठ सेंटिमीटरपर्यंत उभी कापावी. ही झाली दोन पाती. कापाच्या शेवटाखाली एक-दीड सेंटिमीटर सोडून दोन्ही बाजूंनी आडवे छोटे काप द्यावेत आणि खालचा भाग तिहेरी दुमडून त्याचा दांडा करावा. दांड्याच्या टोकाला क्लिप. एक पाते आपल्याकडे आणि दुसरे पलीकडे वाकवून उंचावरून सोडले की ते गरगरत खाली येते. मेपलच्या झाडाचे बी पडते ते जवळपास असेच.

येथे विचारण्यासारखे प्रश्न भरपूर आहेत. पाती उलट दिशांना वाकवली तर फिरण्याची दिशा बदलते का? बदलते, आणि ते पाहून मुलांना फार गंमत वाटते. पाती अर्धी कापली तर? दुसरी क्लिप लावली तर? बहुतेक मुले म्हणतात की जड झाल्यामुळे ते हळू फिरेल. ते अधिक वेगाने पडते आणि अधिक वेगाने फिरते, कारण पडण्याच्या वेगामुळेच तर पाती फिरत असतात. पाती मुळीच न वाकवता, दोन्ही सरळ वर ठेवून सोडले तर ते फिरत नाही आणि बाणासारखे खाली जाते. ही शेवटची फेरी वगळू नये, कारण पात्यांचे काम काय आहे हे तिच्यामुळेच कळते.

वेळ मोजण्याबाबत एक सूचना. मुलांच्या हातात स्टॉपवॉच देण्याचा मोह टाळावा. खोलीतल्या उंचीवरून हेलिकॉप्टर एक-दोन सेकंदांत खाली येते आणि बटण दाबण्यात होणारी चूकच सेकंदाचा पाचवा हिस्सा असते, त्यामुळे आकडे काहीही सांगतात. त्याऐवजी दोन हेलिकॉप्टरे दोन्ही हातांत धरून एकदम सोडावीत आणि कोणते नंतर टेकले एवढेच लिहावे. मूळ नमुना डाव्या हातात, बदललेला उजव्या; पुढच्या वेळी हात बदलायचे. हात का बदलायचे, हे मुलांनाच विचारावे.

एखादे मूल ‘हे चंद्रावर चालेल का’ असे हमखास विचारते. चंद्रावर हवा नाही, म्हणून नाही. मंगळावर मात्र वातावरण आहे, पण त्याची घनता पृथ्वीवरच्या हवेच्या सुमारे एक शतांशच आहे. तरीही १९ एप्रिल २०२१ रोजी ‘इंजेन्युइटी’ नावाचे पावणेदोन किलोच्या आसपास वजनाचे हेलिकॉप्टर तेथे उडाले. त्यासाठी त्याची सव्वा मीटरच्या आतबाहेरची पाती मिनिटाला सुमारे २,४०० फेरे घेत होती. राइट बंधूंच्या १९०३ सालच्या विमानाच्या पंखावरील कापडाचा एक लहानसा तुकडाही त्याच्यासोबत पाठवला होता. विरळ हवेला खाली ढकलायचे तर पाती मोठी हवीत, हलकी हवीत आणि वेगाने फिरायला हवीत, एवढे तर्काने मुलांकडून काढून घेता येते.


शनिवारची शाळा

चार बैठकांचा आराखडा तर येथेच तयार झाला. निव्वळ वाचक यांची सूचनाही मी घेतली आहे, मोकळी वीस मिनिटे ठेवणार. आता दोन गोष्टी विचारते. गरम हवेचा फुगा या मालिकेत घ्यावा की तो विषय वेगळा ठेवावा? आणि उचल खरोखर ग्रॅममध्ये मोजता येईल असे काही घरगुती साधन करता येईल का?


खडू-फळा

फुग्याबद्दल मी लिहितो, वजनाचे पंखशास्त्र यांनी सांगावे.

फुगा जरूर घ्यावा, पण शेवटी आणि पंखाशी असलेला फरक दाखवण्यासाठी. पंखाला उचल मिळण्यासाठी हलावे लागते, फुग्याला लागत नाही. तो भोवतालच्या हवेपेक्षा हलका असल्यामुळे वर जातो. हा भेद स्पष्ट झाला तर दोन्ही कल्पना पक्क्या होतात, न झाल्यास दोन्हींची खिचडी होते.

मेणबत्ती किंवा इतर कोणतीही ज्योत मात्र वापरू नये. उडते कागदी दिवेही नकोत. ते कोठे उतरतील यावर कोणाचाच ताबा नसतो. अगदी पातळ, मोठी प्लॅस्टिकची पिशवी आणि केस वाळवण्याचा ड्रायर एवढे पुरते. ड्रायर मोठ्या माणसाच्याच हातात असावा आणि पिशवीला टेकवू नये. येथेही आधी हिशेब करून घ्यावा. वीस अंश सेल्सियसची एक लिटर हवा साधारण १.२ ग्रॅम असते, साठ अंशांची सुमारे १.०६ ग्रॅम. म्हणजे शंभर लिटरच्या पिशवीला चौदा ग्रॅमच्या आसपासच उचल मिळणार. पिशवी तराजूवर ठेवा. ती वीस ग्रॅम भरली तर उडणार नाही, हे उडवण्याआधीच मुलांना सांगता येते, आणि उडणार नाही असे सांगून ती खरोखर उडाली नाही की मुले उडाल्यापेक्षा जास्त खूश होतात. मग मोठी किंवा अधिक पातळ पिशवी शोधण्याचे काम तीच करतात.

इतिहासातली एक गोष्ट येथे उपयोगी पडेल. मोंगोल्फिए बंधूंनी १७८३ साली फ्रान्समध्ये फुगे उडवले. १९ सप्टेंबर रोजी व्हर्साय येथे त्यांनी फुग्याखालच्या पिंजऱ्यातून मेंढी, बदक आणि कोंबडा यांना वर पाठवले. हेच तीन प्राणी का, यावर मुलांना बोलू द्यावे. बदकाला उंचीची सवय असते, तेव्हा बदकाला काही झाले तर दोष फुग्याचा, उंचीचा नव्हे. तुलनेसाठी काहीतरी ‘तसेच’ ठेवायचे, ही कल्पना त्यातून सहज शिकवता येते.


पंखशास्त्र

उचल ग्रॅममध्ये मोजता येते, आणि साधन अगदी सोपे आहे. स्वयंपाकघरात वापरतात तो डिजिटल काटा घ्यावा, शक्यतो दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा. त्यावर लाकडाचा जड ठोकळा ठेवावा, ठोकळ्यात एक उभी काडी रोवावी आणि काडीच्या टोकाला दहा गुणिले वीस सेंटिमीटरचा जाड पुठ्ठा पंख म्हणून बसवावा, लांब बाजू वाऱ्याला आडवी येईल अशी. पंख काट्याच्या वर किमान वीत-दीड वीत असावा, नाहीतर त्याने खाली वळवलेली हवाच काट्याच्या तबकावर दाब देते आणि आकडा खोटा येतो. काटा शून्यावर आणून पंखा लावला की आकडा ऋण होतो. तो ऋण आकडा म्हणजे उचल. बऱ्यापैकी वारा असेल तर एवढ्या पुठ्ठ्याला दहा-पंधरा ग्रॅमपर्यंत उचल मिळू शकते, म्हणजे फरक नजरेत भरतो.

कोन शून्यापासून पाच-पाच अंशांनी वाढवत न्यावा. सुरुवातीला उचल जवळजवळ कोनाच्या प्रमाणात वाढते, पुढे वाढ मंदावते आणि मग थांबते. तो बिंदू मुलांना स्वतः सापडू द्यावा, आधी सांगू नये. नंतर त्याच मापाचा, पण किंचित बाक दिलेला पुठ्ठा लावून पाहावे. कोन शून्य असतानाही आकडा ऋण येतो आणि फुगीरपणाचा उपयोग तेथे प्रत्यक्ष दिसतो. वेग दुप्पट झाला तर उचल चौपट होते हा नियमही सांगता येईल, परंतु पंख्याचे बटण एकावरून दोनवर नेल्याने वाऱ्याचा वेग दुप्पट होत नाही, तेव्हा तो सिद्ध करण्याच्या भरीस पडू नये. त्याऐवजी पुठ्ठ्याचे क्षेत्रफळ निम्मे करून उचल साधारण निम्मी होते का, हे पाहणे अधिक खात्रीचे.

राइट बंधूंनी १९०१ साली हेच केले होते. त्या वेळी उपलब्ध असलेल्या तक्त्यांतले आकडे आणि आपल्या ग्लायडरची प्रत्यक्ष उचल यांचा मेळ बसेना, म्हणून त्यांनी सहा फूट लांबीच्या लाकडी खोक्याचा वातबोगदा केला, करवतीची जुनी पाती आणि सायकलच्या चाकाची तार वापरून तराजू बनवला आणि त्यात सुमारे दोनशे छोटे पंख तपासले. मोठ्या मुलांना ही हकीकत काटा मांडायच्या आधी सांगितली तर काट्याकडे बघण्याची त्यांची नजरच बदलते.

टेबलफॅनबाबत एक तांत्रिक सूचना राहिली. त्याची हवा गरगरत येते, त्यामुळे आकडा सतत नाचत राहतो. स्ट्रॉ एकसारखे कापून, एकमेकांना चिकटवून, पुठ्ठ्याच्या चौकटीत गच्च बसवावेत आणि ही जाळी पंखा व पुठ्ठा यांच्यामध्ये, पंख्यापासून फूटभर अंतरावर उभी करावी. हवा बरीच सरळ होते. वाऱ्याचा वेग त्यामुळे थोडा घटतो, म्हणून काटा पुन्हा शून्यावर घेऊन सगळी मापे जाळी लावूनच घ्यावीत, काही जाळीसह आणि काही जाळीविना अशी नव्हेत. पंख्याची स्वतःची तारेची जाळी मात्र कोणत्याही कारणाने काढू नये, आणि लांब केस व ओढण्या असलेल्या मुलींना पंख्याच्या मागच्या बाजूला उभे करू नये, कारण हवा तिकडूनच आत ओढली जाते.